समजा, हा मासा बदललेला आहे

विद्यार्थी म्हणून जन्माला यावं आणि वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत ते कोणालाच, खुद्द त्यालाही, कळू नये, असा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच झाला आणि तो नेमका माझा साडभाऊ निघाला. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. पुण्यामुंबईकडे याच नात्याला नुसतं साडू म्हणतात. आमच्याकडे त्यात भाऊ असतो, आणि भावाशी वागताना जी अक्कल कमी पडते ती साडभाऊशी वागतानाही कमी पडते, हे मला फार उशिरा कळलं. त्याबद्दल शेवटी सांगतो. आधी माणूस सांगतो.

आंबागडच्या किल्ल्याखालच्या भागात, तुमसरपासून तासाभराच्या अंतरावर त्यांचं गाव आहे. गावाला मोठा जुना तलाव, तलावावर आमच्या ढिवरांची अकरा घरं आणि त्या अकरा घरांची मच्छीमार सोसायटी. साडभाऊंचे वडील, आजे, पणजे सगळे जाळ्यावरचे. साडभाऊ तेवढे जाळं सोडून नोकरीला लागले. तुमसरच्या एका शाळेत आणि तिच्या ज्युनिअर कॉलेजात ते प्रयोगशाळा परिचर होते. परीक्षानळ्या धुणं, स्पिरिटचे दिवे भरणं, सांगाड्यावरची धूळ झटकणं आणि दर पावसाळ्यात विच्छेदनासाठी जिवंत बेडूक पकडून आणणं, असं कामाचं स्वरूप. बेडकांच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. पुढे बेडूक कापणं सरकारनं बंद केलं तेव्हा गावातल्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, सगळ्यात जास्त आनंद बेडकांना झाला आणि त्याखालोखाल साडभाऊंना. पण नोकरीतलं त्यांचं खरं काम वेगळंच होतं. ओल्या परीक्षानळ्यांचा ट्रे हातात धरून प्रयोगशाळेच्या दारात उभं राहायचं आणि आत चाललेला तास ऐकायचा. तीस वर्षांत तीन जीवशास्त्राचे सर आले आणि गेले. मुलं दर वर्षी बदलली. आनुवंशिकतेचा धडा आणि त्यातले वाटाणे मात्र तेच राहिले. गोल वाटाणा, सुरकुतलेला वाटाणा, उंच रोप, बुटकं रोप, हे त्यांनी तीस वेळा ऐकलं. त्यातून त्यांच्या डोक्यात शंका साचत गेल्या. परिचरानं शंका विचारायची पद्धत नव्हती, म्हणून त्या तशाच साचत राहिल्या.

ते निवृत्त झाले तेव्हा नागपूरला नर्स असलेल्या त्यांच्या लेकीनं त्यांना एक मोठा फोन घेऊन दिला. हेतू एवढाच की बाबांनी भजनं ऐकावीत आणि आईच्या मागे भुणभुण करू नये. बाबांनी पंधरा दिवसांत त्या फोनवर जैवतंत्रज्ञानाचा आणि जनुक बदललेल्या जिवांचा ऑनलाईन कोर्स शोधून काढला. कुठल्यातरी परदेशी विद्यापीठाचा, सहा आठवड्यांचा, कोणालाही घरबसल्या करता येईल असा. शिकवणाऱ्या बाई पांढऱ्या केसांच्या, इंग्रजी बोलणाऱ्या. खाली फोन आपल्या बुद्धीप्रमाणे मराठी अक्षरं उमटवी. पहिल्याच रविवारी मला फोन आला. "भाऊ, मी ॲडमिशन घेतली." मला वाटलं दवाखान्यात घेतली. मी घाबरून विचारलं, काय होऊन राहिलं तुम्हाला? तर म्हणाले, "मले कायले काय होते? कापसात किड्याचं औषध कसं घुसवते ते शिकून राहिलो."

त्यांचं हे शिकणं पाहायला मी मुद्दाम गेलो होतो, आणि जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. साडभाऊ अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आले. फोन त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवर पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि समोर दाराच्या चौकटीत जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, खुर्ची आणू का? "तास चालू असताना बसाव काय?" असं त्यांनी मलाच विचारलं, आणि पाऊण तास ते उभेच होते. मध्येच व्हिडिओ थांबवत. मला वाटलं समजायला वेळ लागत असेल. तसं नव्हतं. "मॅडम बारा मिनिटं एका दमात बोलल्या. घसा सुकला असंन. पानी पिऊ दे त्याईले." दोनेक मिनिटं मॅडमना पाणी प्यायला वेळ देऊन ते पुन्हा सुरू करत. लेकीनं त्यांना सांगितलं होतं की हेच व्याख्यान दुप्पट वेगानं पण ऐकता येतं, वेळ वाचतो. ते ऐकून साडभाऊंचा चेहरा उतरला होता म्हणे. "एवढ्या म्हाताऱ्या बाईले धावत शिकवाले लावू काय मी?" तास संपला की ते स्वयंपाकघरात जात आणि घरातले सगळे स्टीलचे पेले धुऊन, पुसून, उपडे घालून ठेवत. पेले स्वच्छ असोत वा नसोत. तास संपला की काच धुवायची, हे हातात इतकं भिनलं होतं की काच नसली तरी हात थांबत नव्हते. माझी आकडसासू, म्हणजे त्यांची बायको, त्या कोर्सवर त्या कारणानं खूश होती. ती म्हणायची, "शिकू द्या जवाईबापू. हप्त्यातून तीन दिवस माह्ये भांडे निंगते."

मी स्वतः बीएस्सी आहे. तेही वनस्पतिशास्त्रात. ही पदवी मी तहसील कचेरीत कारकुनी करण्यासाठी वापरतो, ही गोष्ट वेगळी. पण साडभाऊंच्या वह्या पाहिल्यावर मला माझ्या पदवीची लाज वाटली. शाळेनं रद्दीत काढलेल्या जुन्या प्रयोगवह्यांची कोरी पानं त्यांनी जमवली होती आणि त्यांत सुवाच्य अक्षरात सगळा कोर्स उतरवला होता. प्रत्येक गोष्टीला त्यांनी घरचं नाव दिलं होतं. डीएनए म्हणजे पीळ दिलेला दोर. जिवाणूच्या पोटातला गोल डीएनए म्हणजे कडं. ते कडं नेमक्या जागी कापणारं विकर म्हणजे विळा, आणि कापलेली टोकं जोडणारं विकर म्हणजे डिंक. "कडं घ्याचं, विळ्यानं कापाचं, दुसऱ्याचा दोर मंधात बसवाचा, डिंक लावाचा, आन् कडं परत जिवानूच्या पोटात सोडाचं. झालं काम." मला परीक्षेसाठी ज्याची आठ पानं पाठ करावी लागली होती, ते त्यांनी चहाचा कप संपायच्या आत सांगितलं. एके ठिकाणी तर त्यांनी बंदूक काढली होती. सोन्याच्या कणांना जनुक चोपडून ते कण वनस्पतीच्या पेशीत मारायची बंदूक खरोखरीच असते म्हणे. "लायसन लागते का नाही ते विचारलं हाय," असं त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं.

विचारलं हाय म्हणजे कोर्सच्या चर्चेच्या पानावर. तिथे जगभरचे विद्यार्थी आपापल्या शंका टाकतात. साडभाऊंनी तिथे पहिल्या दिवशी मराठीत लिहून, फोनकडून इंग्रजी करून घेऊन, आपली ओळख दिली. मी विद्यार्थी नाही, मी प्रयोगशाळेत परिचर होतो, आता निवृत्त आहे, चुकून आत आलो असेन तर सांगावं, मी बाहेर जाईन. त्यावर कोणा दूरदेशच्या प्रयोगशाळेतल्या मुलीनं उत्तर दिलं की या कलीग, स्वागत आहे. कलीग म्हणजे काय, हे विचारायला त्यांनी मला कचेरीत फोन केला. मी म्हटलं, सहकारी. बरोबरीनं काम करणारा. त्यांनी तो शब्द दोनदा स्वतःशी म्हणून पाहिला. मग ते हळूच म्हणाले, "ठीक हाय, ठेवतो." त्या दिवसापासून तीस वर्षांच्या शंका बाहेर यायला लागल्या. वाटाणाच काहून घेतला, तूर काहून नाही? बदललेल्या धानाचा फुलोरा वाऱ्यानं शेजारच्या बांधीत, म्हणजे खाचरात, गेला तर ते पीक कोणाचं? बेडकाच्या पोटात कोणाचंही जनुक घातलं तरी तो बेडूकच राहतो, मग बेडूकपणा नेमका ठेवलाय कुठे? या शेवटच्या शंकेवर म्हणे मॅडमनी स्वतः उत्तर लिहिलं आणि पहिलं वाक्य असं लिहिलं की हे मलाही पूर्ण ठाऊक नाही. साडभाऊ तो दिवसभर तरंगत होते.

आणि नुसते विचारतच होते असंही नाही. जनुक बदललेल्या सोनेरी भाताच्या व्याख्यानात मॅडमच्या मागे एक हिरव्या शेताचं चित्र होतं. ते गव्हाचं होतं. जगभरच्या हजारो विद्यार्थ्यांना ते दिसलं नाही, पण धानाच्या देशात जन्मलेल्या माणसाला ते कसं सहन व्हावं? त्यांनी लिहिलं: आदरणीय मॅडम, आपले ज्ञान थोर आहे, परंतु आपल्या पाठीमागे गहू उभा आहे, आमच्याकडे ही चूक शेळीसुद्धा करत नाही. दोन आठवड्यांनी ते चित्र बदललं. नव्या चित्रात चिखलात धानाची रोवणी करणाऱ्या बाया होत्या. साडभाऊंनी ते चित्र गावातल्या प्रत्येक बाईला नेऊन दाखवलं. जणू त्या बाया त्यांनीच पाठवल्या होत्या.

घरगुती प्रयोगांचा किस्सा एकच सांगतो. माझ्या पुतणीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, साडभाऊ आले ते खिशात स्पिरिटची बाटली घेऊन. पाहुण्यांसाठी चिरलेल्या पपईतल्या चार फोडी त्यांनी लंपास केल्या, त्या मीठ आणि भांड्याच्या साबणाच्या पाण्यात कुस्करल्या, फडक्यातून गाळल्या आणि पेल्याच्या कडेनं बर्फात ठेवलेलं स्पिरिट अलगद सोडलं. पेल्यात पांढऱ्या तारा तरंगायला लागल्या. हाच तो पपईचा डीएनए. स्वयंपाकघरातल्या बाया म्हणाल्या, हे तं शेवया झाल्या. साडभाऊ आनंदानं सगळ्यांना बोलवायला बाहेर गेले, तेवढ्यात वराकडच्या एका मामांनी सरबत समजून पेला उचलला. तो ओठांपर्यंत पोचायच्या आत माझ्या आकडसासूनं हातातून हिसकावला म्हणून लग्न झालं.

अशा माणसाला मंडई मोकळं सोडील हे शक्य नव्हतं. दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. सोयऱ्याधायऱ्यांना बोलावणी जातात, दुकानं लागतात, लग्नं जुळतात. त्या वर्षीच्या मंडईत बांगड्यांचं दुकान आणि जिलबीची कढई यांच्या मध्ये साडभाऊंनी एक टेबल मांडलं. वर पांढऱ्या कापडावर निळ्या शाईनं लिहिलं होतं, ‘बदललेले जीव. शंका विचारा.’ मी शेजारी उभा होतो, कारण माझी बीएस्सी त्यांना आधाराला हवी होती. सकाळी कोणी फिरकलं नाही. दुपारी एकानं विचारलं, बदललेलं वांगं खाल्लं तं मानूस बदलते काय? साडभाऊ म्हणाले, "आजवर बकरा खाल्ला, तुमाले शिंगं आले काय?" हशा पिकला आणि गर्दी जमली. एकीनं विचारलं, जवाई बदलून भेटते काय? त्यावर साडभाऊंनी जनुक बदललं तरी सवयी बदलतीलच असं नाही, हे तिला खरोखर समजावून सांगितलं. मी पाहत होतो. तीस वर्षं दाराच्या चौकटीतून न हललेला माणूस शंभर लोकांपुढे बोलत होता आणि लोक जिलबी हातात धरून ऐकत होते. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

मग त्यांनी माशाचं सांगायला घेतलं. परदेशात एका माशात दुसऱ्या माशाचं वाढीचं जनुक घातलं, त्यामुळे तो थंडीतही वाढायचा थांबत नाही आणि निम्म्या वेळात विक्रीजोगा होतो. हे खरं आहे. फोनवर त्यांच्याकडे एकाच वयाच्या दोन माशांचं चित्रही होतं, एक केवढा तरी आणि एक इवलासा. पण फोन एवढा, गर्दी एवढी, मागच्यांना दिसेना. साडभाऊंना शाळा आठवली. शिकवताना वस्तू हातात पाहिजे. त्यांनी पलीकडे मासे घेऊन बसलेल्या बायकोच्या टोपल्यातून दोन रोहू उचलले, एक मोठा आणि एक लहान, दोन्ही हातांत उंच धरले आणि म्हणाले, "समजा, हा मोठा मासा बदललेला हाय आन् हा लहाना साधा हाय."

शाळेत ‘समजा’ या शब्दाला मोल असतं. मंडईत नसतं. त्यातून योग असा की सोसायटीनं त्याच वर्षी तलावात सुधारित जातीच्या रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली होती. सुधारित म्हणजे चांगले वाढणारे मासे पिढ्यानुपिढ्या निवडून तयार केलेली जात. त्यात विळाही नाही आणि डिंकही नाही. पण त्या वर्षी मासा नेहमीपेक्षा मोठा निघाला होता एवढं लोकांनी पाहिलं होतंच. आता तलावावरच्या घरचा, शिकलेला माणूस तोच मासा हातात धरून भर मंडईत सांगतो की हा बदललेला आहे! मंडईचे पाहुणे आपापल्या गावी गेले आणि ‘समजा’ आमच्याच गावात विसरून गेले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी माझी आकडसासू आणि सोसायटीच्या बाया तुमसरला टोपली घेऊन बसल्या. लोक यायचे, मोठा मासा पाहायचे, गाव विचारायचे आणि पुढे जायचे. संध्याकाळी टोपली जशीच्या तशी परत. त्याच्या पुढच्या बाजारीही तेच. काही मासा वाळवला, काही फुकट वाटायला काढला, तर लोकांनी फुकटही घेतला नाही. अकरा घरांचं वर्ष त्या तलावावर असतं. जाळं ओढायचे दिवस हेच, आणि तलावात मासा तयार. सोसायटीच्या माणसांनी जाळं ओढणंच थांबवलं. साडभाऊंशी कोणी बोलेना. आकडसासू भांडली असती तर बरं झालं असतं. त्याऐवजी पेले आता ती स्वतः धुवायला लागली.

साडभाऊंनी मग समजावून सांगायचा सपाटा लावला. पानठेल्यावर, गिरणीत, एसटीच्या थांब्यावर, जिथे दोन माणसं दिसतील तिथे वही उघडून निवड आणि जनुकबदल यांतला फरक सांगायचा. त्यांनी जेवढं सांगितलं तेवढं लोकांचं भय पक्कं होत गेलं. पानठेलेवाला मला म्हणाला, "साधा मासा असता तं मानूस एवढं समजावते कायले? एवढं सांगून राहिला म्हंजे आत काहीतरी हाय." वहीतली चित्रं पाहून तर एकानं घरचं मत्स्यपालनच बंद केलं.

आता माझ्याबद्दल. कचेरीत आमचे हेडक्लार्क, दोन शिपाई आणि दाखल्यासाठी येणारी निम्मी माणसं मला विचारत होती, तुमच्या साडभाऊच्या गावचा मासा खरंच तसा आहे काय? तुम्ही तर बीएस्सी! मी मंडईत त्यांच्या शेजारी उभा होतो. ‘समजा’ मी माझ्या कानांनी ऐकला होता. सुधारित रोहू म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. नाही, तो साधा मासा आहे, मी खातो, तुम्हीही खा, एवढं म्हणायला काय लागत होतं? पण उद्या कोणाचं पोट दुखलं तर नाव माझं येईल, नातेवाईक म्हणून बोलला असं म्हणतील, नोकरी सरकारी आहे. मी म्हणालो, "तपासणी झाल्याशिवाय काही सांगता येत नाही." कचेरीची भाषा अंगवळणी पडली की अशी ऐन वेळी कामाला येते. आमच्या घरीही त्या दिवसांत मासा आला नाही. मीच बायकोला म्हटलं होतं, काही दिवस वांग्याचीच भाजी कर.

साडभाऊंनी शेवटी कोर्सच्या चर्चेच्या पानावर लिहिलं. मंडई, दोन रोहू, अकरा घरं, सगळं लिहिलं आणि विचारलं की मी कसं समजावू म्हणजे लोकांना समजेल? भराभर उत्तरं आली. कोणी लेख पाठवले, कोणी तक्ते, कोणी प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यायचा सल्ला दिला. आणि कुठल्याशा समुद्रकाठच्या एका बाईनं, जी स्वतः मासे विकते आणि रिकाम्या वेळात हा कोर्स करते, तिनं दोनच ओळी लिहिल्या. लोक माशाला घाबरत नाहीत, आपण फसवले जाऊ याला घाबरतात. तुम्ही सगळं समजावलंत, पण तुमचं चुकलं हे त्यांना सांगितलंत का? साडभाऊंनी मला ते फोनवर वाचून दाखवलं. मग म्हणाले, "भाऊ, हे मले सुचलंच नाही. मी फक्त ते कसे चुकले तेच सांगत होतो."

बाजाराच्या दिवशी सकाळी ते अंघोळ करून आकडसासूपाशी गेले आणि मीही येतो म्हणाले. ती म्हणाली, "समजावाचं असंन तं घरीच राहा. हात जोडतो तुमाले." साडभाऊ म्हणाले, "समजावत नाही. माफी मांगतो." तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि एक टोपलं त्यांच्या हातात दिलं.

हा माणूस नोकरी लागल्यापासून मासळीच्या बाजारात बसलेला नव्हता. त्या दिवशी तो बायकोच्या शेजारी खाली मांडी घालून बसला, मासे साफ करायला घेतले आणि येणाऱ्या प्रत्येक माणसाला एवढंच सांगू लागला, "मंडईत मी हा मासा हातात धरून बोललो, ते माह्यं चुकलं. मासा साधा हाय. चूक माह्यी हाय, माशाची नाही." वही नाही, फोन नाही, विळा आणि डिंक नाही. आधी लोक गंमत म्हणून उभे राहिले. कोणी हसलं, कोणी टोमणा मारला. ते मान खाली घालून मासा साफ करत राहिले आणि पुढच्या माणसाला तेच सांगत राहिले. तासभर टोपली तशीच होती. मग राईस मिलमध्ये हमाली करून म्हातारा झालेला एक माणूस पुढे आला. म्हणाला, "माह्या उभ्या जन्मात चुकलो म्हननारा मास्तर मी पाहिला नाही. द्या मास्तर, एक द्या. मोठाच द्या." साडभाऊंनी मोठा मासा निवडला. आकडसासूनं पदर तोंडाला लावला होता. एकानं घेतला म्हणून दुसऱ्यानं घेतला, मग रांग लागली आणि दुपारपर्यंत सगळ्या बायांच्या टोपल्यांचा तळ दिसला.

हे मला कसं माहीत, तर त्या रांगेत मी होतो. दूरच्या चहाच्या टपरीमागून मी सकाळपासून सगळं पाहत होतो. धोका टळला, लोक घ्यायला लागले, हे दिसल्यावर मी पिशवी घेऊन रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली. साडभाऊंनी मान वर केली, मला ओळखलं, हसले. आणि मग सगळ्यांना सांगत होते तेच त्यांनी मलाही सांगितलं, एक शब्द न गाळता, हातातला मासा खाली ठेवून. "भाऊ, मंडईत मी बोललो ते माह्यं चुकलं. तुमी बाजूले उभे होते, तुमालेही लोकाईनं काही म्हटलं असंन. माफ करा." मला खूप बोलायचं होतं. पण मागची बाई म्हणाली, "सरका ना जी पुढं," आणि मी मासा घेऊन सरकलो.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. तलावावर जाळं पडतं, मासा विकला जातो, साडभाऊंचा तो कोर्स कधीच पूर्ण झाला. यंदाच्या मंडईत मात्र त्यांनी टेबल मांडलं नाही. पोरंबाळं विचारत आली तर म्हणाले, अजून थोडं शिकू द्या. बांगड्या आणि जिलबीच्या मध्ये ती जागा रिकामी होती आणि मला तिथून पुढे जाववेना. दर रविवारी ते मला फोन करतात. दर रविवारी मी ठरवतो, आज सांगून टाकू की चूक तुमच्या एकट्याची नव्हती, मला सगळं ठाऊक असून मी तोंड उघडलं नाही. तेवढ्यात ते विचारतात, "भाऊ, वेळ हाय काय? एक शंका होती." मी म्हणतो, बोला. आणि मग त्यांची शंकाच इतकी चांगली असते की मी ती ऐकत बसतो.